माईंना घेऊन शर्यतीला

वसुधाताई कर्णिक यांची आणि माझी ओळख झाली ती ट्रामच्या रुळांवर. यजमानांच्या बदलीमुळे मी साताऱ्याहून कलकत्त्याला आले होते आणि मुलींच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची नोकरी मला नुकतीच लागली होती. ताई त्याच विभागात मला वरिष्ठ. पहिल्याच दिवशी फाटकाशी त्यांनी विचारले, "तुम्ही मराठी ना? एस्प्लनेडपर्यंत सोडते, बसा." त्यांची गाडी हिरव्या रंगाची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आत बसायचे म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालायची. रूळ ओलांडताना गाडी अशी उसळली की माझे डोके टपाच्या लोखंडी कांबीवर आपटले.

"लागलं का हो? पुढचं चाक आपटलं तेव्हा, की मागचं?"

मी म्हटले, काही कळले नाही. त्यावर ताईंनी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच रुळांवरून नेली. या वेळी मी कांब धरून बसले होते. मागचे चाक होते.

या गौरवग्रंथाच्या वाचकांना ताई परिचित आहेत त्या त्यांच्या अध्यापनामुळे आणि आपल्या मंडळाच्या वाचनालयामुळे. त्यावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक आहेत. मी लिहिते आहे ते त्या हिरव्या गाडीबद्दल, कारण ताईंची विचार करण्याची रीत मला कळली ती त्या गाडीपाशीच.

ताईंचा जन्म कलकत्त्याचा. चहाच्या कंपनीतला एक इंग्रज साहेब मायदेशी परतत होता, तेव्हा त्यांनी ही स्पोर्ट्स कार त्याच्याकडून घेतली. शहराबाहेर युद्धकाळातली एक ओस धावपट्टी होती. तिथे हौशी मंडळी रविवारी मोटारींच्या शर्यती लावत, आणि ताई त्यांत उतरत. मात्र घरात गाडी ही एकच. ताईंचे यजमान माधवराव बँकेत अधिकारी होते, पण त्यांना कोणत्याही गाडीत बसले की गाडी लागायची. ते ट्रामने जात. सासूबाईंना, म्हणजे माईंना, पाठीचे जुने दुखणे होते. शेकासाठी आठवड्यातून दोनदा त्यांना डमडमच्या घरून शहरात न्यावे लागे, आणि ते काम ताई याच गाडीतून करीत.

धावपट्टीवर वळण घेताना गाडी एका अंगाला फार कलायची. म्हणून ताईंनी खिदिरपूरच्या दत्तबाबूंकडून पुढे कडक स्प्रिंगा घालून घेतल्या आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत एकेक पाते वाढवले. दत्तबाबूंचा कारखाना गोदीतल्या लॉऱ्या दुरुस्त करण्याचा, पण शर्यतींचे वेड त्यांनाही होते. गाडी वळणांवर सरळ राहू लागली आणि ताई खूश झाल्या. त्यांची खुशी मंगळवारपर्यंत टिकली. मंगळवारी माईंना न्यायचे होते. मीही त्या दिवशी दवाखान्यापाशी होते. कडक स्प्रिंगांमुळे वाटेतला प्रत्येक खड्डा पाठीला बसलेला. माई दार धरून सावकाश उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वसुधा, तुझी गाडी मला आवडते गं. पण तिला मी आवडत नाही."

पुढच्या खेपेपासून त्या टॅक्सीने जाऊ लागल्या. रागाने नव्हे, उलट "तू शर्यत सोडू नकोस," असे त्यांनी बजावले होते. पण ताईंना ते फार लागले. माई विधवा झाल्यापासून फारशा बाहेर पडत नसत, आणि त्या दोन फेऱ्यांमध्ये सासूसुना ज्या गप्पा मारत त्या घरात कधी होत नसत. ताई मला म्हणाल्या, "शैलजा, गाडीत आता मी एकटीच असते. असल्या वेगाचं मी काय करू?"

दत्तबाबूंचा तोडगा सोपा होता. "दीदी, रेस का गाड़ी और घर का गाड़ी एक नहीं होता है. शनिवार को इधर लाइए, स्प्रिंग बदल देगा. सोमवार को फिर बदल देगा."

"नाही दत्तबाबू," ताई म्हणाल्या. "एकाच गाडीचे दोन स्वभाव मला नकोत. एकच हवा, आणि तो चांगला हवा."

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या विभागातला फळा रिकामा म्हणून राहिला नाही. ताईंनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. खड्ड्यात गाडी आपटते ते वेगळे, आणि वळणावर कलते ते वेगळे. मग दोन्हींवर औषध एकच, कडक स्प्रिंग, असे का? त्यांनी जुन्या मऊ स्प्रिंगा परत बसवल्या, वाढवलेली पाती काढली आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड पोलादी दांडा घातला. दोन्ही चाके एकदम वरखाली झाली तर हा दांडा नुसता फिरतो, काही बोलत नाही. वळणावर एकच बाजू दबली की मात्र तो पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. मग मल्लिक बाजारात जुन्या सुट्या भागांच्या ढिगांतून आम्ही शॉक ॲब्सॉर्बर शोधून काढले. त्यांच्या अंगाला लहानशी चाकी होती. ती फिरवून ते मऊ किंवा कडक करता येत.

आता गाडीची परीक्षा कोण घेणार? ताईंनी माईंनाच विनंती केली. माई डोळे मिटून बसत आणि घरी आल्यावर निकाल देत. पहिला निकाल असा होता: "पुढून शहाणी झाली आहे. मागून अजून भांडते." ताईंनी मागची चाकी थोडी सैल केली. पुढच्या वेळी, "आता फक्त ट्राम आली की कुरकुरते." मग चाकाच्या वरचे झिजलेले रबर बदलले. असे करत करत एका गुरुवारी, मी त्यांच्या घरी वाट पाहत असताना, गाडी दारात थांबली, तरी माई उतरेनात. जाऊन पाहते तर त्यांना झोप लागली होती. ताईंनी त्यांना उठवले नाही. बराच वेळ नुसत्या सुकाणूवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

पुढच्या शर्यतीला ताई माईंना बरोबर घेऊनच गेल्या. इतरांच्या गाड्या ट्रकवरून आलेल्या. ताईंच्या गाडीतून नऊवारीतल्या माई हातात पोळीभाजीचा डबा घेऊन उतरल्या तेव्हा हशा पिकला. ताईंनी चाक्या थोड्या आवळल्या, शिरस्त्राण चढवले आणि गेल्या. शेवटच्या वळणावर धावपट्टी उखडलेली होती. तिथे कडक गाड्या बेडकासारख्या उड्या मारत आणि चालकांना वेग सोडावा लागे. ताईंची गाडी मात्र जमिनीला धरून राहिली. त्या वळणावर त्या एकेकाला मागे टाकत गेल्या आणि दुसऱ्या आल्या. पहिला आला तो एक उमदा पंजाबी तरुण. त्याच्या इंजिनात जोरच जास्त होता. माईंनी त्याला पोळीभाजी दिली आणि विचारले, "बेटा, तुमच्या गाडीतून तुमची आई बसके जाती है क्या?"

"नहीं माँजी, इसमें तो मैं ख़ुद भी घर नहीं जाता. ट्रक पे जाती है."

"अरेरे," माई म्हणाल्या, आणि त्याला आणखी एक पोळी वाढली. दत्तबाबू इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

ताईंचा मायाळूपणा मी स्वतः अनुभवला आहे. माझी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आली होती. त्या काळी अशा रुग्णाला धक्का बसू नये म्हणून डॉक्टर फार जपायला सांगत. मी कुणाला काही म्हटले नव्हते, तरी आईला घरी सोडणार त्या दिवशी ताई इस्पितळाच्या पायरीशी हजर. चाक्या त्यांनी अगदी सैल केल्या होत्या. बैलगाडीच्या चालीने त्या आईला घेऊन गेल्या. गाडीत जागा दोनच, म्हणून मी मागून येणाऱ्या ट्राममध्ये चढले. गाडीमागे आमच्या ट्रामची घंटा अखंड वाजत होती आणि कंडक्टर ओरडत होता. ताई शांतपणे हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण करीत होत्या. घरी पोचल्यावर आई म्हणाली, "निघालो कधी गं आपण?"

ताईंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अलीकडेच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, नवा सांधा पंधरा वर्षे सहज चालेल. ताईंनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नव्वदीला पुन्हा यावं लागणार. आत्ताच नोंदवून ठेवा."

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले. मी तसे करणार नाही. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, तो सांधा त्यांनी चालून चालून झिजवावा, आणि नव्वदाव्या वर्षी दुसरा बसवून घ्यायला जाताना सोबतीसाठी फोन मलाच करावा. मी तयार असेन.