खात्रीबाईंनी न तपासलेलं वाक्य

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे खात्रीबाई म्हणत. कारण साधं होतं. नियंत्रक काचेच्या केबिनमध्ये डोकावून म्हणाला की अमुक गाडी पलीकडच्या फलाटावर लागतेय, तर बाई माइकला हात लावण्याआधी त्यालाच विचारत, "डोळ्यांनी पाहिलीत, की कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं असेल तर बाई चपला सरकवून स्वतः फलाटावर जात, गाडी बघत, चालकाला दोन प्रश्न विचारत आणि मगच येऊन बोलत. तोवर प्रवासी ताटकळत आणि नियंत्रक कपाळाला हात लावी. पण एकदा त्या आवाजात घोषणा झाली की लोक पाटी न वाचता गाडीत चढून बसत. आवाजही असा, की वाक्याच्या मध्ये बाई किंचित थांबल्या की अख्ख्या स्थानकाची मान वर होई. फलाटाचा नंबर सांगण्याआधी त्या थांबायच्याच. ती त्यांची कारागिरी होती.

घरीदारी हाच खाक्या. दूधवाला हसला तर आज पाणी जास्त घातलंय असं त्यांना वाटे, आणि नाही हसला तर पकडलं जाण्याची धास्ती आहे असं वाटे. घराला कुलूप लावून त्या ओढून बघत, जिना उतरून परत चढत आणि पुन्हा ओढत. शेजारीण म्हणायची, बाई, एक दिवस कुलूपच कंटाळून निघून येईल.

त्यांची थोरली बहीण, ताई, नेमकी उलट. नवरा गेल्यापासून ती दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एकटी राहत होती आणि तिचा जगातल्या सगळ्यांवर विश्वास होता. असं जगणं परवडत नाही हे तिलाही कळत होतं, म्हणून शंका घेण्याचं खातं तिने धाकटीकडे सोपवून टाकलं होतं. दारावर कुणी आलं की ताई आतूनच फोन लावायची. "धाकटे, नळवाला आलाय म्हणतो. उघडू का?" बाई फोनवरूनच त्या नळवाल्याची उलटतपासणी घेत. मग "उघड" म्हणत किंवा "नको" म्हणत. ताई तेवढंच ऐके. कितीतरी वर्षं त्या घराची कडी अशी फोनवर चालत आली होती.

ताईने भाड्याने दिलेल्या वरच्या खोलीतला वेल्डरही असाच आत आला होता. तो खोली विचारायला आला तेव्हा बाईंनी त्याला फोनवर घाम फोडला. आधी कुठे राहत होतात, ती जागा का सोडली, दारू पिता का, मित्र किती. माणसाने सगळ्याची शांतपणे, धड उत्तरं दिली. कुठेच खोट निघेना, आणि हीच गोष्ट बाईंना खटकली. तरी शेवटी त्या म्हणाल्या, "उघड."

वेल्डर कमी बोलायचा. कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, खांद्याला लांबलचक पिशवी, ठिणग्यांनी डोळे कायम लाल. ताईची औषधं तोच आणायचा. गळका नळ त्याने न सांगता बसवला. खिडकीची सैल जाळी पक्की करून दिली आणि चहासुद्धा उभ्यानेच घेतला. ताई त्याचं कौतुक करू लागली की बाई म्हणत, "फार गोड वागणाऱ्यांकडे जरा जास्तच बघावं." कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटत राही. कुठे, ते मात्र सापडत नव्हतं.

निवडणूक आली. एके दुपारी एका पक्षाचा प्रचार सांभाळणारा माणूस केबिनमध्ये आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, आणि बसायच्या आधीच स्तुती सुरू. "बाई, तुमच्या आवाजावर लोक गाडी पकडतात. आमच्या आवाजावर तर रिक्षासुद्धा थांबत नाही." बाईंनी ओळखलं की आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जातंय. चढायला बरं वाटत होतं, हेही खरं.

त्याला मतदारांच्या फोनवर जाईल असा ध्वनिमुद्रित निरोप हवा होता. विषय गुन्हेगारी. त्याने दोन मजकूर आणले होते. पहिला सरळ होता: बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे लावू, पोलीस चौकीचा फोन उचलला जाईल याची व्यवस्था करू, तक्रारीचं पुढे काय झालं ते कळवू. दुसरा असा होता: "तुमच्या दाराबाहेर कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ओळखीचा चेहरा म्हणजे भरवशाचा माणूस नव्हे. चोऱ्या वाढल्या आहेत. सावध राहा. मत देताना लक्षात ठेवा."

"कुणाकडे चोरी झाली?" बाईंनी विचारलं.

"होतातच की बाई."

"कुठल्या गल्लीत? वाढल्या म्हणजे कशावरून?"

माणूस हसला. "चोरी झाली की नाही हा मुद्दा नसतो. भीती आहे की नाही, हा असतो. पहिला मजकूर ऐकून लोकांना जांभई येते. दिव्याचं सांगितलं की लोक विचारतात, कधी लावणार? दुसऱ्यात कुणी काही विचारत नाही. आणि आम्ही कुणाचं नावही घेत नाही. जागा रिकामी ठेवतो. ज्याच्या मनात जो असेल, तो आपणच तिथे बसवतो."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस आपल्या तोंडून काहीतरी वदवून घेतोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. चौकीत जाऊन विचारून यावं, असंही वाटलं. पण चोऱ्या वाढल्यात हे त्यांना तपासल्याशिवायच पटलं होतं. जगाबद्दल त्यांना आयुष्यभर जो संशय होता, तोच कुणीतरी छापून आणून हातात दिला होता. आपल्याच मनातलं आपण कशाला तपासतो? फलाट बघायला उठणारी बाई त्या दिवशी खुर्चीतून उठली नाही.

भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत आवाज मुद्रित झाला. पहिल्या वाक्यानंतर बाई सवयीने थांबल्या, फलाटाच्या नंबराआधी थांबत तशा. त्या रिकाम्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर लांब पिशवी आणि लाल डोळे उभे राहिले, आणि पुढचं वाक्य असं निघालं की काचेपलीकडचा प्रचारवाला दोन्ही फोन खाली ठेवून ऐकत राहिला. "हेच," तो म्हणाला. "हा थांबाच मला हवा होता."

चार दिवसांनी बाई ताईकडे गेल्या तर दाराला नवी साखळी. फटीतून आधी ताईचा एक डोळा दिसला, मग ताई.

"वेल्डरला खोली सोडायला सांगितली," ताई म्हणाली. "आज जातोय."

"का? काय केलं त्याने?"

"ते मला काय माहीत? तूच सांगितलंस ना फोनवर."

"ताई, ती रेकॉर्ड होती. प्रचाराची. सगळ्या गावाला गेली ती."

"रेकॉर्ड आहे हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा मी बोलले की तुझ्याशी. तू म्हणालीस, दाराबाहेर कोण आहे ठाऊक आहे का, आणि थांबलीस. मी म्हटलं, कोण गं, वरचा का? तर तू म्हणालीस, ओळखीचा चेहरा म्हणजे भरवशाचा माणूस नव्हे." ताईने पदराने चष्मा पुसला. "रेकॉर्ड असली तरी बोललीस तूच ना? न तपासता तू कधी काही बोलतेस?"

बाईंना राग आला. प्रचारवाल्याचा आला, ताईच्या भाबडेपणाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्या जिना चढून वर गेल्या आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी. ताईंची बहीण."

एक कडी सरकली, तिच्याखालची दुसरी सरकली आणि दार हातभर उघडलं. वेल्डर उघडलेल्या फटीत आडवा उभा होता. मागे गुंडाळलेली वळकटी दिसत होती.

"फोनवाल्या बाई तुम्हीच ना?" तो म्हणाला. "आवाज ओळखला. मलाही आला होता फोन."

बाईंची नजर दारावरच्या नव्याकोऱ्या दुसऱ्या कडीवर गेली. तिच्या वेल्डिंगच्या जोडावर अजून काळेपणा होता.

"ही त्याच दिवशी बसवली," वेल्डर म्हणाला. "मला वाटलं, खरंच कुणीतरी फिरतंय इथे. खाली ताई एकट्या असतात, म्हणून त्यांनाही साखळी लावून दिली. साखळी लावली आणि त्यांनी खोली सोडायला सांगितलं."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणून ते ऐकवेना. बाईंनी त्याला जरा थांबायला सांगितलं, दहा मिनिटं तरी. तो म्हणाला, ताई म्हणाल्या तर थांबेन, त्यांचं घर आहे.

बाई धापा टाकत खाली आल्या. ताईसमोर बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच खात्रीविना बोलल्याची कबुली दिली. "मी काही तपासलं नव्हतं, ताई. चौकीत गेले नाही, कुणाला विचारलं नाही. त्या माणसात काहीही वाईट नाही. तुझी साखळीसुद्धा त्याने तुझ्याच काळजीने लावलीय."

"आणि आत्ता बोलतेस ते तपासलंस?"

"हो. आत्ताच. वर जाऊन, डोळ्यांनी बघून आले."

ताई विरघळत होती. तिची नजर साखळीकडे गेली, मग छताकडे. "उगाच घालवलं का गं मी त्याला?" ती म्हणाली, आणि उठायला म्हणून तिने गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. ताईने सवयीने उचलला आणि धाकटीला तळहात दाखवून गप्प केलं. समोर बसलेल्या बाईंना फोनमधून आपलाच आवाज बारीक ऐकू येऊ लागला. तुमच्या दाराबाहेर कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आणि आवाज थांबला. नेमक्या त्या थांब्यात जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश, सामान घेऊन उतरणारी. दाराशी येऊन ती थबकली.

बाईंना ठाऊक होतं बाहेर कोण आहे. तरी त्यांची नजर गर्रकन साखळीकडे गेली, लावलेली आहे ना, हे बघायला.

ताईने ते पाहिलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने फोन हळूच खाली ठेवला.

"बघ," ती म्हणाली. "तूसुद्धा."

बाई दाराकडे जायला उठल्या. बाहेर दाराजवळच्या खिळ्याला खोलीची किल्ली अडकवल्याचा आवाज झाला, आणि बाईंनी घाईघाईने साखळी काढून दार उघडेपर्यंत पावलं गल्लीच्या वळणापलीकडे गेली होती.