माझा पाय हलला म्हणे!

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

सहा वर्षांपूर्वी येरमाळ्याजवळ मोटारसायकलवरून पडलो आणि मणका मोडला. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर. आज आई मला कळंबला एका शिबिरात घेऊन गेली. ऑपरेशन न करता, डोक्याला बाहेरून चुंबकाचे झटके देऊन पाय चालू करतो, अशी जाहिरात होती.

तिथल्या माणसानं माझे रिपोर्ट उघडलेसुद्धा न्हाईत. डोक्यावर मशीन धरलं, तेवढ्यात माझा उजवा पाय उडाला.

"बघा मावशी, पाय हलला!" तो सगळ्यांसमोर ओरडला. आई रडत त्याच्या पाया पडली.

मी म्हणालो, "अहो, हा पाय रोज दहादा आपोआप उडतो, मणका मोडल्यावर असं होतंच. तुम्हाला हे कळत न्हाय, का लपवताय?"

तो हसला. "मावशी, पेशंटचीच इच्छा न्हाय, तर मशीन काय करणार?"

या उपचारावर मोठ्या दवाखान्यांत खरंच संशोधन चालू आहे. तिथले डॉक्टर आधी तपासतात, मग बोलतात. या नालायकानं माझ्या आईसमोर मलाच गुन्हेगार ठरवलं.

घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलत न्हाय. "तुला चालायचंच न्हाय," एवढंच म्हणाली.

तुम्ही असता, तर तिला काय सांगितलं असतं?