नीलांबरीचा शनिवार

मैत्रीण आहे म्हणून कौतुक करतेय असं नाही हं. नीलांबरी आहेच तशी! पन्नाशी उलटली, एर्लांगेनला प्रयोगशाळेत नोकरी, आणि दर शनिवारी फेराइनच्या हॉलमध्ये आम्हा मराठी बायकांना खो-खो खेळायला लावणार. "सुकन्या, गुडघे घरी ठेवून आलीस का गं?" असं मला सगळ्यांदेखत विचारणार. सांगलीत शाळेपासून खेळलेली ती. लग्न करून जर्मनीत आली, पण खेळ काही सुटला नाही.

फेराइन म्हणजे गावच्या क्रीडामंडळासारखा कारभार. तिथले प्रमुख ब्रेंडेलसाहेब, हँडबॉलमध्ये हाडं मोडून घेतलेले म्हातारे. ते एकदा म्हणाले, "हा तुमच्या लोकांचा खेळ. आमची मुलं कधी खेळणार नाहीत. मग हॉल तुम्हाला कशाला?"

माझं डोकंच फिरलं. नीलांबरी मात्र थंड. "उन्हाळी जत्रेला, झोमरफेस्टला, तुमची हँडबॉलची पोरं मला द्या. त्यांनी मला पकडायचं. एकच डाव. त्यांना पुन्हा खेळावंसं वाटलं तर शनिवार आमचा. नाहीतर हॉलची किल्ली परत."

"गेनाऊ, ठरलं," ब्रेंडेल म्हणाले.

त्या पोरांत तिची लेक दियाही होती. आई मराठीत बोलली तरी ही उत्तर जर्मनमध्ये देणार, आणि खो-खो म्हटलं की डोळे फिरवणार.

नियम नीलांबरीनं नीट समजावले. पाठलाग करणाऱ्यानं मागे फिरायचं नाही, बसलेल्यांच्या मधून घुसायचं नाही. ती पलीकडे गेली की बसलेल्याला पाठीवर थाप मारून खो द्यायचा. पण ऐकतंय कोण! ताडमाड पोरं, प्रत्येकाला वाटे, मीच पकडणार. खो कुणी देईना. नीलांबरी हुलकावणी देऊन पलीकडे, आणि हे एकटेच खांबाला वळसे घालून धापा टाकतायत. बसलेल्यांना कंटाळा आला. दोघांचं लक्ष तर भाजणाऱ्या सॉसेजकडे. ब्रेंडेल मिशीत हसत होते. गेली किल्ली, मी मनात म्हटलं. रडूच आलं मला.

तेवढ्यात दिया बसल्या जागेवरून ओरडली. चक्क मराठीत! "अरे, खो दे ना!"

पोरगा दचकला आणि त्यानं दिला खो. दिया उठली, चार पावलांत पुढच्याला खो, त्यानं त्याच्या पुढच्याला. आता धापा टाकायची पाळी नीलांबरीची. सगळं मैदान "खो! खो!" ओरडू लागलं. खो फिरून पुन्हा दियाला मिळाला. नीलांबरी खांबाशी वळली आणि दियानं सूर मारून तिला टिपलं.

आईनं मुद्दाम पकडू दिलं म्हणाल, तर माझ्याशी गाठ आहे! नीलांबरी कुणाला सोडत नाही. ती गवतावर पडल्या पडल्या ओरडली, "बाद! शाब्बास, पोरी!"

पोरांनी तिला गराडाच घातला. "नोखमाल! नोखमाल!" पुन्हा, पुन्हा! दुसरा डाव सुरू झाला तेव्हा शिट्टी ब्रेंडेलच्या तोंडात होती.

परवा ब्योब्लिंगेनला खो-खोचा सामना जिंकलो. संघात नीलांबरी, मी, दिया आणि सहा हँडबॉलवाले. तिथल्या कुणीतरी ब्रेंडेलना विचारलं, "हा भारतीय खेळ ना?"

"भारतीय?" म्हातारा छाती फुगवून म्हणाला, "हा आमच्या एर्लांगेनचा खेळ!"

मी पदर खोचून भांडायला निघाले होते. नीलांबरीनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते.

"राहू दे गं," ती म्हणाली. "जिंकलो आपण."