गंजाचं उदाहरण

कापूस बुडाल्याच्या त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात कापसापेक्षा पाहणी पथकं जास्त पिकली. मी तेव्हा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. नमुने वाळवायचे, कुटायचे, चाळायचे.

एका उन्हाळ्यात माझी स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री पिशवीत दगड घेऊन आला. त्याचं दिग्रसला गॅरेज होतं आणि गावाबाहेर अब्बांकडून आलेलं तीन एकर वावर. रस्त्याच्या ठेकेदाराने त्यातला खालचा मुरूम मागितला होता. वरची काळी माती बाजूला ठेवू आणि काम झाल्यावर परत पसरून देऊ, अशी बोली होती. माती बाजूला ठेवली, ती नाल्याच्या काठावर. पावसाळ्यात ती नाल्याने नेली. ठेकेदार त्याआधीच गेला होता.

"हे तपासून द्या सायेब."

"मिस्त्री, हा दगड आहे."

"मले दिसून राह्यलं. पण माह्या वावरात आता हेच हाये."

दगड चाळणीतून जात नाही आणि अर्जात त्याला रकाना नाही. मी त्याला परत पाठवलं.

त्याच आठवड्यात खात्याचा मेळावा होता. शाली झाल्या, नारळ झाले. पाहुण्यांनी जिवाणू खताच्या बाटलीला बांधलेली फीत कापली आणि सांगितलं की हे अदृश्य सैनिक खडकाचीसुद्धा माती करतात. वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मांडवाबाहेर मिस्त्रीने मला गाठलं. "खरं हाये का हे?"

मी बरंच वाचलं होतं आणि वाचलेलं विचारणारं कोणी भेटत नसे. मी सुरू झालो. जिवाणू खडकाच्या भेगांत राहतात, आम्लं सोडतात, खडकातलं लोह आणि स्फुरद ओढून घेतात. कणाला कण धरून ठेवणारं सुटत जातं, खडक भुसभुशीत होतो. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हणालो, "लोखंडाला गंज खातो ना, तसं समजा."

"असं म्हना ना मंग."

आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला शिकवता येतं असं मला वाटलं.

पाऊस लागून पंधरा दिवस झाले तेव्हा तो मला वावरात घेऊन गेला. त्याने उन्हाळाभर खडकावर गुळाच्या पाण्यातून त्या खताच्या बाटल्या ओतल्या होत्या आणि वर ओली पोती टाकली होती. गंजाला ओल लागते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. एक पोतं उचलून त्याने खडक नखाने खरवडला. तांबूस भुकटी पडली.

"पाहा. गंज धरला."

"मिस्त्री, हे आधीचंच आहे. तुमच्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीचं."

"मंग टैम किती लागते?"

"बोटभर मातीला शेकडो वर्षं."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने पोतं परत जागेवर टाकलं आणि कडा नीट दाबल्या.

"पत्र्याले दोन पावसाळे लागते," तो म्हणाला. "मी म्हटलं, गोटा जाड हाये, चार लागतीन. लई तं पाच."

"माझं उदाहरण चुकलं."

"उदाहरन बराबर होतं. टैम नाही सांगतला तुमी."

मग त्याने तलावाचं सांगितलं. उन्हाळ्यात गावतलावाचा गाळ काढत होते. नंबर लागेल त्याने ट्रॅक्टर लावून न्यायचा. त्याला दोन दिवस मिळाले होते. "ते मी बाजूवाल्याले देऊन टाकले. म्हटलं, आपली तं घरचीच माती तयार होऊन राह्यली."

गाळ म्हणजे ऊन, पाऊस आणि याच जिवाणूंनी कित्येक पिढ्यांत केलेली माती, आयती ट्रॉलीत भरून मिळणारी. मांडवाबाहेर हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. त्या दिवशी मी बरीच वाक्यं बोललो होतो.

"पुढच्या साली काढतीन का गाळ?"

तलाव तिथून दिसत होता, अर्ध्यावर भरलेला. मी माहीत नाही म्हणालो, आणि ते खरंच माहीत नव्हतं.

शेजारच्या वावरात, मिस्त्रीच्या वाट्याच्या गाळावर, कापसाची पऱ्हाटी चार पानांवर आली होती. तो दोन वावरांमधल्या धुऱ्यावर बसून ती पाहत राहिला. मी उभाच होतो. बसा म्हणायचं त्याला सुचलं नाही, आणि निघतो म्हणायचं मला.