लिंक उघडत नाही

टेमघरला वनिताचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, स्कॉलरशिप, सगळं तिच्या एका कॉम्प्युटरवर. सर्व्हर बंद पडला की लोक तिच्यावर ओरडतात आणि ती सर्व्हरवर. पण हफसाच्या तक्रारीनं तिचं जेवढं डोकं फिरवलं, तेवढं चौदा वर्षांत कुठल्याच फॉर्मनं फिरवलं नव्हतं.

हफसा शेजारच्या हबीबाबींची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कुणीतरी तिचा फोटो लावून तिच्या नावानं खोटं अकाउंट काढलं. खाली घाणेरडा मजकूर आणि तिचा खरा मोबाइल नंबर. दिवसभर परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले. तिचे मामा फखरुद्दीन म्हणाले, "कॉलेज बंद कर हिचं."

"गुन्हा दुसऱ्याचा आणि कोंडून घ्यायचं हिनं?" वनिता उसळली. "फखरुभाई, आठ दिवस द्या मला."

इंटरनेटवरच्या असल्या मजकुराची तक्रार घेणारी हेल्पलाइन होती. वनितानं फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी काहीच नाही. पंचवीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, वेबसाइट पर डालिए."

वेबसाइटवर चार पानांचा फॉर्म. शेवटच्या पानावर स्क्रीनशॉट जोडला, तर म्हणे फाइल मोठी आहे. ती लहान करेपर्यंत वेळ संपली, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला तक्रार गेली. सहाव्या दिवशी मेसेज आला : लिंक उघडत नाही, तक्रार बंद.

अकाउंट तर चालू होतं! त्या नालायकानं नुसतं नाव बदललं होतं, म्हणून जुनी लिंक मेली होती. वनितानं नवी लिंक टाकून पुन्हा तक्रार केली. पोलीस ठाण्यात गेली, तर "ऑनलाइन केलीय ना, मग इथं कशाला?" चार दिवसांनी परत तोच मेसेज. तोवर आठ दिवस उलटून गेले होते आणि हफसा घरी बसली होती.

वनितानं पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच तोंड सोडलं. पलीकडची बाई मराठी निघाली. नाव रीमा.

"ताई, ओरडा, पण ऐका. आम्ही एका शिफ्टला अकरा जण आहोत. तुमची लिंक आमच्यासमोर यायला चार-पाच दिवस जातात."

"आणि तो दर तीन दिवसांनी नाव बदलतो!"

"म्हणून फोन ठेवू नका. आत्ताची लिंक वाचा, मी आत्ताच उघडते."

वनिता एकेक अक्षर वाचू लागली. शेजारी हफसा ओढणी तोंडाशी धरून बसली होती.

"अंडरस्कोर एक का दोन?"

"दोन!"

"दिसलं," रीमा म्हणाली, आणि पलीकडून कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग म्हणाली, "ॲपच्या कंपनीकडे तातडीचं म्हणून पाठवते. मुलीला सांगा, मी स्वतः बघतेय."

तिसऱ्या दिवशी दुपारी अकाउंट गेलं. ते कुणी उघडलं होतं, हे आजतागायत कळलेलं नाही. फखरुद्दीन दुकानात येऊन म्हणाले, "चला, संपलं एकदाचं."

"संपलं?" वनितानं माऊस आपटला. "पोरीची परीक्षा बुडाली, फखरुभाई. आता कॉलेज कुणी बंद करायचं म्हटलं, तर त्याची तक्रार मीच करीन."

ते खाली मान घालून गेले. दुसऱ्या दिवशी हफसाला कॉलेजच्या गेटपर्यंत तेच सोडून आले.

बुडालेली परीक्षा पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज टाइप करायला हफसा वनिताकडे आली. गैरहजेरीचं कारण लिहायचं होतं.

"मावशी, आजारी होते असं लिहू?"

"मुळीच नाही," वनिता म्हणाली. "जे झालं ते लिही. मराठीत लिही."