मस्कतच्या लेबर कॅम्पात माझे दोन शुक्रवार

पुण्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत कंटाळले. मस्कतला वादी कबीरमध्ये राहणारी धाकटी बहीण म्हणाली, "ये इकडे. आमचा ग्रुप शुक्रवारी लेबर कॅम्पात इंग्रजी शिकवतो." परदेशात समाजसेवा! न विचारणाऱ्यांनाही सांगून विमानात बसले. (तुम्ही थंडीतच जा. उन्हाळ्यात समाजसेवा एसीबाहेर टिकत नाही.)

पहिल्या शुक्रवारी मस्कतच्याच रुवी भागात डोसा खाऊन निघालो. शहर संपलं, उघडेबोडके डोंगर लागले, मग कॅम्प आला. ग्रुपच्या प्रमुख मॅडम उतरता उतरता म्हणाल्या, "पूर्वी आपल्या कार्यक्रमांना कामगारांसाठी मागचं दार असायचं. आता भेदभाव अजिबात नाही." खरंच नव्हता. जेवायला आम्हाला एसी हॉल आणि बिर्याणी, त्यांना तंबू आणि डाळभात. तंबूला दारच नव्हतं.

वर्गात वीस मिशाळ पुरुष माझ्यामागून "धिस इज ॲन ॲपल" म्हणत होते. श्रीवर्धनचे दिलावरभाई, पन्नाशीचे सुतार, हात वर करून म्हणाले, "बाई, सफरचंद ठाऊक हाय. पोरीचं लगीन हाय. पासपोर्ट अर्बाबाकडं, म्हणजे मालकाकडं. रजा मागितली की 'इन्शाल्ला' म्हणतो. त्याला कसं सांगायचं ते शिकवा."

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर लिहिलं: 'सर, प्लीज गिव्ह मी माय पासपोर्ट. माय डॉटर इज गेटिंग मॅरिड.' वीसही जणांनी ते खणखणीत म्हटलं, त्यात बिनलग्नाचेही होते.

मॅडम हॉलमधून धावत आल्या. "हे सिलॅबसमध्ये नाही! कंपनी आपल्याला आत येऊ देते, विसरू नका."

'मग सिलॅबस कंपनीचा की यांचा?' असं मला विचारायचं होतं. मी म्हणाले, "सॉरी."

तिसऱ्या शुक्रवारी गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती. बहीण खालमानेनं म्हणाली, "ताई, आम्हाला इथंच राहायचंय गं." मी मत्रहची बाजारपेठ पाहिली, हलवा घेतला. दोन्ही उत्तम.

पुण्यात परतल्यावर ग्रुपचं प्रमाणपत्र आलं: 'कामगारांच्या जीवनात परिवर्तन घडवल्याबद्दल'. त्याच आठवड्यात दिलावरभाईंचा फोन आला. "बाई, घरी आलो! बोललो मालकाशी, समद्यांसमोर. दिला पासपोर्ट."

"लग्न कसं झालं?"

"चांगलं झालं म्हणतात. मी चार दिवसांनी पोचलो."

मी एसटीनं श्रीवर्धनला गेले. मुलगी माहेरी आली होती. तिच्या हातावरची मेंदी फिकी पडली होती, आणि दिलावरभाई तिचा हात उजेडात धरून ती बघत बसले होते.