नरसक्काचं भांडण

नरसक्का मला पहिल्यांदा दिसली ती नळापाशी, फिट येऊन पडलेली. वहाण हुंगवली की फेफरं उतरतं असं सगळेच म्हणत, म्हणून मी घाईघाईने पायातला बूट काढून तिच्या नाकाशी धरला. येताना त्याच बुटाने शेण तुडवलं होतं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "अय्यो कारकूनसाहेब, ह्या वासापरीस फिट बरी की!"

मिलमध्ये कारकून म्हणून लागून सोलापुरात बिऱ्हाड केल्यावर ही आमची पहिली ओळख. समोरच्या घरात ही तेलुगू विणकरीण आणि तिचा धाकटा दीर राहत. ती लुगडी विणायची, आणि तिची जीभ मागावरच्या धोट्याहून चपळ. नळावर रांग मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांची ती हजेरी घेई. फिटबद्दल कुणी हळहळलं, तर म्हणे, "पावणी हाय ती. तिला पाट कोन देतंय!"

एकदा ती मागावरच कोसळली, कपाळ फुटलं. दिराने दवाखान्यातून फिटवरच्या औषधाची, ब्रोमाइडची बाटली आणली आणि पाहुणी यायची थांबली. गल्लीने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण हळूहळू नळावरचा आवाजही थांबला. कुणीही रांग मोडावी, नरसक्का गप्प. तोंडावर पुरळ, डोळ्यांवर झापड. मागासमोर बसून उगीच रडायची. दिराला म्हणाली, "माग इकून टाक. माज्यात काय न्हाय आता."

लोक म्हणाले, वयाने शहाणी झाली. माझी बायको म्हणाली, "बाटली आली आणि ही गेली." दवाखान्यात तिच्यासोबत जायची कामगिरी अर्थातच माझ्यावर आली.

डॉक्टर खुशीत होते. "फिट थांबली ना बाई? मग आणखी काय पाहिजे?"

मी सवयीने मान डोलावली. नरसक्काने नाही.

"फिट गेली डाक्टर, पण तिच्यासंगट मी बी गेले की. मला तेवडं परत आना."

डॉक्टरांचं हसू मावळलं. तिचं तोंड उजेडाकडे वळवून त्यांनी पुरळ पाहिलं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. मग ब्रोमाइड हळूहळू उतरवत नेलं आणि नव्या गोळ्या सुरू केल्या. "मनाने एकदम काही सोडायचं नाही," असं बजावलं.

पाहुणी पुढे क्वचित डोकावली, पण टिकली नाही. आणि एका सकाळी मी नळावर जरा घागर पुढे सरकवली, तोच मागून गर्जना झाली.

"ओ कारकून! घागर मागं! मिलमदी सायबापुढं शेपूट हलवताय, अन् हितं बायकांत वाघ व्हय?"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. मी रिकामी घागर घेऊन घरी आलो. समोरून मागाची खटखट सुरू झाली होती.

"अगं, चारचौघींत माझा अपमान केला तिने!"

बायकोने पदराने डोळे पुसले. "होऊ द्या हो. केव्हापासून वाट पाहत होतो आपण या अपमानाची!"